दारू नाही, सिगारेट नाही, तरी सुटत नाही: पदार्थाविना जडणारं व्यसन

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ दारू-सिगारेटला शिवत नाही, नोकरी नीट करतो. पण गेली दोन वर्षं फोनवर पैसे लावून पत्ते खेळतो, सामन्यांवर पैजा लावतो. घरच्यांनी दोनदा कर्ज फेडलं, दोन्ही वेळा त्याने शपथ घेतली आणि दोन्ही वेळा मोडली. शिवाय बिनपैशांचे गेमही रात्री दोन-तीनपर्यंत चालतात. हे व्यसन म्हणायचं की वाईट सवय? शरीरात काहीच जात नाही तर सुटत का नाही? घरच्यांनी काय करायचं?

आधी सरळ उत्तर. पैशांच्या खेळाबाबत व्यसनाची शंका रास्त आहे आणि ती तपासून घ्यायला हवी. बिनपैशांच्या गेमांबाबत एवढ्या माहितीवर काही म्हणता येणार नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका, दोन्हींचा उपायही एक नाही.

‘व्यसन’ या शब्दाने बिचकायला नको. आपल्या भाषेत द्यूत हे व्यसनांच्या यादीत पहिल्यापासून आहे, पदार्थाची अट आपण नंतर घातली. वैद्यकाने उलटा प्रवास केला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९८० साली जुगाराचा विकार आला तो ‘आवेगावर ताबा नसणं’ या गटात. २०१३च्या डीएसएम-५मध्ये त्याला तिथून उचलून दारू आणि इतर पदार्थांच्या व्यसनांच्या शेजारी बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११मध्ये (१ जानेवारी २०२२पासून लागू), जुगार आणि गेमिंग हे दोन्ही ‘व्यसनी वर्तनामुळे होणारे विकार’ म्हणून नोंदले आहेत. अनिवार लैंगिक वर्तन तिथे आहे, पण आवेग-नियंत्रणाच्या गटात. खरेदी, काम, व्यायाम, सोशल मीडिया यांना दोन्हीकडे स्वतंत्र निदान नाही. म्हणून त्यांचा त्रास खोटा ठरत नाही. मात्र ‘तुला अमुक-तमुकचं व्यसन आहे’ असं परस्पर ठरवून टाकणाऱ्यांपासून जरा सांभाळून. ‘इंटरनेट व्यसन’ हे निदान १९९५मध्ये आयव्हन गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने थट्टा म्हणून लिहिलं होतं, आणि लोक खरोखर उपचार विचारत आले!

जुगारासाठी डीएसएम-५चे नऊ निकष आहेत. तीच झिंग यायला रक्कम वाढवत न्यावी लागते. कमी करायला गेलं की बेचैनी, चिडचिड होते. थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात. डोक्यात सतत तेच घोळतं. मन खचलेलं असताना खेळायला बसतो. हरलेलं वसूल करायला परत जातो. किती खेळतो ते लपवायला खोटं बोलतो. नातं, नोकरी किंवा शिक्षण यामुळे धोक्यात येतं. आणि पैशांच्या कोंडीतून सुटायला दुसऱ्यांवर भिस्त ठेवतो. बारा महिन्यांत यातले चार किंवा जास्त असले तर निदान होतं. चार-पाच सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. तुमच्या प्रश्नातून दोन तर उघड दिसतात: फसलेले प्रयत्न आणि दुसऱ्यांनी फेडलेलं कर्ज. बाकीचे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाहीत. एक गोष्ट मात्र आधी वगळावी लागते. काही लोक एरवी पैज लावत नाहीत, पण काही दिवस झोप कमी, बोलणं भरभर, मोठमोठे बेत आणि त्यातच उधळपट्टी-जुगार असा झटका येतो आणि जातो. तो उन्मादाचा आजार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे.

तासांवरून निदान करू नका. रोज चार तास गेम खेळून झोप, अभ्यास, माणसं सांभाळणारा मुलगा आजारी नाही. आठवड्यातून एकदाच खेळून पूर्ण पगार घालवणारा असू शकतो. आयसीडी-११ गेमिंगसाठी तीन गोष्टी पाहते: ताबा सुटलेला आहे का, बाकी आयुष्यापेक्षा खेळाला अग्रक्रम वाढत चाललाय का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का. हे साधारण बारा महिने टिकलेलं असावं, लक्षणं फार तीव्र असतील तर कमी काळही पुरतो.

आता सुटत का नाही, ते.

मेंदूतलं डोपामिन हे ‘आनंदाचं रसायन’ अशी जी ओळख झाली आहे, ती निम्मी चुकीची आहे. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं की उसळी रसावरून दिव्यावर सरकली. दिवा लागून रस आला नाही तर त्याच क्षणी पेशी नेहमीपेक्षा शांत झाल्या. म्हणजे हे यंत्र चवीपेक्षा ‘अपेक्षेपेक्षा किती जास्त, किती कमी’ याचा हिशेब ठेवतं. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी ठेवली तेव्हा वाट पाहण्याच्या काळातली या पेशींची हालचाल सर्वांत जास्त होती. जुगार ही नेमकी हीच अवस्था विकतो: निकाल लागण्याआधीचे ते काही सेकंद.

त्यामुळेच ‘मजा येत नाही, पण थांबवत नाही’ हे वाक्य खोटं नसतं. रॉबिन्सन आणि बेरिज या संशोधकांनी १९९३पासून मांडलंय की हवंसं वाटणं आणि आवडणं यांची मेंदूतली व्यवस्था वेगवेगळी असते. व्यसनात पहिली फुगत जाते, दुसरी तिथेच राहते किंवा आटते. भाऊ ‘आता मला त्यात काही वाटत नाही’ म्हणाला आणि रात्री पुन्हा बसला, तर तो नाटक करतोय असं धरून चालू नका.

याचा एक भक्कम पुरावा औषधांतून मिळाला. पार्किन्सनच्या आजारात डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल. ती घेणाऱ्या काही रुग्णांना, ज्यांनी जन्मात पैज लावली नव्हती, जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा लैंगिक वर्तनाची अनिवार ओढ लागते. औषध कमी केलं की बहुतेकांची ओढ ओसरते. अरिपिप्राझोल या मानसोपचारातल्या औषधाबाबतही २०१६मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने असाच इशारा दिला. म्हणून ओढ अचानक, विशेषतः उतारवयात लागली असेल, तर पहिला प्रश्न ‘कोणती नवी गोळी सुरू झाली?’ हा विचारा. पण गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याचे स्वतंत्र त्रास आहेत. डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्या.

खेळाची बांधणीही निष्पाप नसते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतल्या कबुतरांना दाणा ठरावीक टोचींनंतर न देता कधी तीन, कधी तीस टोचींनंतर दिला, तेव्हा ती सर्वांत चिकाटीने टोचत राहिली आणि दाणा बंद केल्यावरही लवकर थांबली नाहीत. जुगाराच्या यंत्रात त्यावर आणखी दोन करामती असतात. एक म्हणजे थोडक्यात हुकणं: तीन चिन्हांपैकी दोन जुळतात आणि तिसरं एका घराने सरकतं. हिशेबात ही साधी हार असते, पण पुन्हा खेळायची इच्छा ती वाढवते. दुसरी, जिंकण्याच्या वेशातली हार. वीस ओळींवर प्रत्येकी एक लावला, आठ परत आले. बारा गेले, पण घंटा वाजते, दिवे नाचतात आणि मेंदू ‘मिळालं’ अशी नोंद करतो.

आकडेमोड एकदा त्याच्याबरोबर बसून करावी, उपदेशापेक्षा बरी. यंत्र सरासरी ९५ टक्के परत देतं म्हणजे फार उदार वाटतं. पण परत आलेलं सगळं पुन्हा लावत गेलं की १००० घेऊन बसलेल्याजवळ वीस फेऱ्यांनंतर सरासरी ३५८ उरतात. वसुलीसाठी दुप्पट लावत जायची युक्तीही अशीच. १०० पासून सुरू करून लागोपाठ सात हरला तर १२,७०० गेले, आणि आठव्या डावाला १२,८०० लावायचे, तेही शेवटी फक्त १०० च्या नफ्यासाठी. अर्थात नुसत्या गणिताने कुणी सुटत नाही. तलफ आली की गणित आठवत नाही.

म्हणून उपचाराचं खरं काम, माझ्या मते, एकच आहे: इच्छा आणि कृती यांच्यातलं अंतर वाढवणं. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या सोडतीपेक्षा काही सेकंदांत निकाल देणारं यंत्र जास्त घातक असतं ते अंतर कमी असल्यामुळे. फोनने ते जवळजवळ शून्यावर आणलं. शपथ या अंतरात काहीच भर घालत नाही, म्हणून ती मोडते. मनाची ताकद कमी पडली असा त्याचा अर्थ काढू नका.

सुरुवात पैशांपासून करा, कारण पैसा आटोक्यात आला की बाकी सगळं करायला उसंत मिळते. एका बैठकीत देण्यांची पूर्ण यादी काढा: कोणाचे, किती, व्याज किती, हप्ता कधी. पहिल्यांदा सांगितलेला आकडा क्वचितच पूर्ण असतो. लाज वाटेल ते देणं, मित्राचं किंवा खासगी सावकाराचं, शेवटी बाहेर येतं. म्हणून ‘आठवडाभरात आणखी काही आठवलं तर राग न धरता यादीत घालू’ असं आधीच सांगा. पगाराच्या खात्यावर दुसऱ्या कुणाची देखरेख हवी. त्याच्याकडे रोजच्या खर्चापुरतं लहान खातं राहू द्या. क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, फोनवर मिनिटात मिळणारी कर्जं बंद करा. ऑनलाइन व्यवहाराची दैनिक मर्यादा बँकेतून खाली आणा आणि व्यवहाराचे संदेश देखरेख करणाऱ्यालाही जातील अशी सोय करा. हे सगळं त्याच्या संमतीने, लेखी, सहा महिन्यांसाठी आणि मग पुन्हा बोलून ठरवायचं. लादलेली देखरेख पंधरा दिवसांत गळते, चोरवाटा निघतात.

अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे झालं, ही सर्वांत नेहमीची चूक. खातं तसंच राहतं, कार्ड जोडलेलं राहतं, ‘तुमच्यासाठी खास बोनस’ असे संदेश येत राहतात, आणि पुन्हा उतरवायला दोन मिनिटं पुरतात. खातं कायमचं बंद करायचं, स्वतःला वगळून घेण्याची सोय असेल तर ती उपलब्ध असलेल्या सर्वांत लांब मुदतीची घ्यायची, जुगाराच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवायचा. खात्यात थोडी शिल्लक असेल तर ‘तेवढी संपवून बंद करतो’ हे मान्य करू नका. काढून घेता येत असेल तर काढा, नाहीतर सोडून द्या.

कर्ज फेडण्याबद्दल स्पष्ट बोलतो. दोनदा फेडलंत ते मायेपोटी, पण परिणाम उलटा झाला. अंगावर आलेली वेळ टळली आणि उधारी नव्याने उघडली. तिसऱ्यांदा रोख हातात देऊ नका. भाडं, औषधं, मुलांची फी अडली असेल तर तिथे थेट भरा. देणेकऱ्यांशी हप्ते लांबवण्याची बोलणी त्याने करावीत, तुम्ही शेजारी बसा. मदत थांबवणं वेगळं आणि माणूस तोडणं वेगळं. दारं बंद करायची धमकी, चारचौघांत पाणउतारा, यांनी लपवणं वाढतं, खेळणं कमी होत नाही.

इथे एक धोका नीट ऐका. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरोखर मोठा असतो, आणि कर्ज उघडकीला येण्याच्या सुमारास तर जास्तच. ‘मी नसतो तर सगळं सुटलं असतं’ अशी भाषा आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं रुग्णालय गाठा. बाकीचा सगळा बेत त्यानंतर.

पैशांची तटबंदी झाली की तलफेकडे वळायचं. दोन आठवडे एक साधी वही: किती वाजता, कुठे, लगेच आधी काय झालं, तलफ दहापैकी किती, काय केलं, अर्ध्या तासाने किती उरली. अशी नोंद दिसायला लागते: ‘रात्री ११.४०, अंथरुणात, साहेबांचा मेल वाचला, ८, खेळलो नाही पण आकडे बघितले, ५.’ पंधरा नोंदी झाल्या की ठसा उमटतो. कुणाची तलफ पगाराच्या दिवशी, कुणाची भांडणानंतर, कुणाची निव्वळ कंटाळ्यातून. पगाराची असेल तर उपाय बँकेत आहे, भांडणाची असेल तर नात्यात, कंटाळ्याची असेल तर संध्याकाळच्या रिकाम्या दोन तासांत. या शोधाआधी ‘छंद लाव, योगा कर’ सांगणं म्हणजे अंदाजाने गोळी देणं.

तलफ लाटेसारखी चढते आणि खतपाणी मिळालं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तिच्याशी कुस्ती न करता ती अंगात कुठे जाणवते ते पाहायचं, छातीत, हातात, जबड्यात, आणि दर पाच मिनिटांनी तिला गुण द्यायचे. वहीतल्या शेवटच्या रकान्याचा उपयोग हाच. आठवरून चारवर आल्याचं स्वतःच्या अक्षरात दहा वेळा दिसलं की ‘खेळल्याशिवाय जाणार नाही’ या समजाला तडा जातो. आकडे बघणं, इतरांचे डाव पाहणं, ‘फक्त अंदाज’ बांधणं मात्र खतपाण्यातच मोजायचं. पहिले काही दिवस ते दोनेक आठवडे झोप उडणं, चिडचिड, हात शिवशिवणं चालतं. दारू एकदम सोडल्यावर होतो तसा जिवावरचा त्रास इथे होत नाही, पण घरात वाद होण्याचे दिवस तेच. आणि हो, ‘डोपामिनचा उपास’ वगैरे जे चालू आहे त्याने डोपामिन धुऊन निघत नाही. चटकेपासून लांब राहिल्याचा फायदा होतो, तो त्या नावाशिवायही होतोच.

उपचारांत सर्वांत चांगला आधार संज्ञानात्मक वर्तनोपचाराला (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीला आहे. साधारण आठ ते बारा बैठका, त्यात वहीचं काम, ‘आता माझी बारी आहे’ यासारख्या समजुतींची तपासणी आणि घसरण टाळण्याचा सराव असतो. माणूस अजून ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत असेल तर आधी प्रेरणा जागवणाऱ्या मुलाखतीची पद्धत उपयोगी पडते. समुपदेशकाकडे जाण्याआधी विचारा की जुगाराच्या रुग्णांबरोबर काम केलंय का आणि पैशांचा भाग हाताळतात का. नुसतं मन मोकळं करून पाठवत असतील तर दुसरा शोधा. स्वमदत गटांचा काहींना फार आधार होतो, गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस १९५७पासून आहे. औषधांचं म्हणाल तर अमेरिकेच्या नियामकाने जुगारासाठी मंजूर केलेलं एकही औषध नाही. नॅल्ट्रेक्सोन काहींना तलफ कमी करायला मानसोपचारतज्ज्ञ देतात. त्याआधी यकृताची तपासणी लागते आणि अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ते देता येत नाही. नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेचा विकार सोबत असतो हे फार वेळा दिसतं. त्यावर उपचार झाले नाहीत तर व्यसन दुसऱ्या दाराने परत येतं.

गेमांचं वेगळं. जुगार पूर्ण बंद करणं हेच बहुतेकांना सोपं पडतं, ‘थोडा खेळीन’ टिकत नाही. फोन, खरेदी, काम, जेवण, व्यायाम यांचा संन्यास घेता येत नाही, तिथे मर्यादा आखाव्या लागतात. आधी झोप सावरा: उठण्याची वेळ पक्की, चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. मर्यादा घड्याळाची न घालता डावांची घाला. ‘दहापर्यंत’ म्हटलं की पावणेदहाला सुरू केलेला डाव अर्ध्यात सोडावा लागतो, संघ हरतो, गुण कापले जातात, आणि भांडण ठरलेलं. ‘दोन डाव’ पाळता येतं. पैसे लावून खेळणं थांबलं की गेमांचे तास काही काळ वाढतात असंही होतं. लगेच घाबरू नका, पण गेममध्ये पैसे देऊन नशिबाची पेटी उघडायची सोय असेल तर तो जुगाराचाच भाऊबंद आहे, तो खेळ यादीतून काढा.

शेवटचा मुद्दा घसरणीचा, कारण ती बहुधा होईल. एकदा खेळल्याने जितकं नुकसान होतं त्याहून जास्त ‘आता गेलंच सगळं, मग आज पुरतं खेळून घेऊ’ या विचाराने होतं. म्हणून शांत असताना एक कार्ड लिहून पाकिटात ठेवायचं. त्यावर इतकंच: लॉगआऊट. खात्यात उरलेले पैसे देखरेख करणाऱ्याकडे वळव. आजच, झोपण्याआधी, अमक्याला फोन करून रक्कम सांग. वहीत नोंद कर. उद्यापर्यंत पैशांचा कोणताही निर्णय नको. पुढची बैठक अलीकडे घे. आणि ज्याला फोन येणार आहे त्याचं वाक्यही आधीच ठरवून ठेवा. ‘पुन्हा?’ हा शब्द त्यात नको. ‘किती, कधी, आणि आत्ता कुठे आहेस?’ एवढं विचारलं की पुढच्या वेळीही फोन येतो.